राजमुद्रेला कायदा, बारासिंग्याला नुसती यादी

मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरात आहे आणि त्या परीक्षेची तयारी करणारी मुलं भंवरकुआं भागातल्या क्लासेसमध्ये दाटीवाटीने बसलेली असतात. राज्याचा प्राणी बारासिंगा, पक्षी दूधराज (म्हणजे स्वर्गीय नर्तक), वृक्ष वड, मासा महाशीर, खेळ मलखांब ही यादी त्यांना झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. त्या मुलांबद्दल काहीच म्हणायचं नाही. तक्रार शासनाबद्दल आहे, कारण शासनाच्या लेखीही या यादीची किंमत एका गुणाच्या प्रश्नापेक्षा फारशी जास्त दिसत नाही. एखादा प्राणी किंवा झाड राज्याचं चिन्ह म्हणून जाहीर झालं की त्याचं पोस्टर निघतं, पाठ्यपुस्तकात चौकट येते, आणि तिथेच काम संपतं. चिन्ह ठरल्यामुळे कोणत्याही खात्यावर वेगळं असं एकही बंधन येत नाही. माझं म्हणणं असं की ज्या अधिसूचनेने चिन्ह ठरतं, त्याच अधिसूचनेत त्याच्या देखभालीची जबाबदारी नावानिशी लिहिलेली असली पाहिजे. तशी लिहायची तयारी नसेल तर चिन्ह जाहीर करू नये.

हे अवघड नाही, कारण नमुना आपल्यापुढे आहे. सारनाथच्या सिंहशीर्षावरून घेतलेली राजमुद्रा 26 जानेवारी 1950 रोजी स्वीकारली गेली. तिच्या गैरवापराला आळा घालणारा स्वतंत्र कायदा 2005 साली झाला, त्याचे नियम 2007 साली आले, आणि त्यांत मोघम असं काही ठेवलेलं नाही. समोरून दिसणारे तीन सिंह, खालच्या पट्टीवर मधोमध धर्मचक्र, उजवीकडे बैल, डावीकडे धावता घोडा, दोन्ही टोकांना चक्रांच्या कडा. मूळ स्तंभावरचं घंटेसारखं कमळ वगळलेलं. खाली देवनागरीत ‘सत्यमेव जयते’, आणि हे ब्रीद मुद्रेचाच भाग, त्यामुळे ते गाळून नुसते सिंह छापले तर ती राजमुद्रा होत नाही. आकृतीचे नमुनेही दोन दिलेले आहेत: लेटरहेड आणि शिक्क्यांसारख्या लहान कामासाठी सोपा केलेला, मोठ्या आकारासाठी तपशीलवार. छापखान्यात गोंधळ होतो तो नेमका इथे. मोठ्या आकाराचा तपशीलवार नमुना घेऊन तो नखाएवढा केला की आयाळीच्या रेघा शाईने बुजतात, बैल आणि घोड्याचे दोन ठिपके उरतात आणि ब्रीद वाचताच येत नाही. जागेत बसवण्यासाठी आकृती आडवी ताणली तर सिंह बसके होतात.

ही मुद्रा कोणी वापरायची नाही हेही नियमांत स्पष्ट आहे. माजी मंत्री, माजी आमदार-खासदार, माजी न्यायाधीश आणि निवृत्त अधिकारी यांना ती वापरता येत नाही. बँका, सार्वजनिक उपक्रम, नगरपालिका, पंचायती, विद्यापीठं आणि स्वयंसेवी संस्थांनाही अधिकृत परवानगीशिवाय मनाई आहे. ज्याला वापरायचा अधिकार आहे, त्यानेसुद्धा कार्डावर मुद्रेशेजारी वकील, संपादक किंवा चार्टर्ड अकाउंटंट असं लिहायचं नाही. उल्लंघन केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एखाद्या राज्याला राजमुद्रा जशीच्या तशी आपलं चिन्ह म्हणून घेता येते, पण तिचा काही भाग स्वतःच्या वेगळ्या चिन्हात गुंफायचा असेल तर आराखडा केंद्राकडून मंजूर करून घ्यावा लागतो. अंमलबजावणी ढिली आहे. काचेवर सिंह चिकटवलेल्या खासगी गाड्या आपल्या शहरातही फिरतात. पण निदान चूक कोणती आणि ती कोणाची, हे कागदावर वाद न घालता ठरवता येतं.

इंदूरकरांना या मुद्रेबद्दल जरा जास्त आपुलकी वाटायला हवी. संविधानाच्या हस्तलिखितासाठी सिंहशीर्ष रेखाटणारे दीनानाथ भार्गव मूळचे बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी, आणि डिसेंबर 2016 मध्ये त्यांचं निधन झालं ते इंदुरातच. सिंह खरे वाटावेत म्हणून ते कोलकात्याच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन सिंह न्याहाळत असत, असं त्यांच्या घरच्यांनी सांगितलेलं आहे. दगडातल्या सिंहाचं चित्र काढायला ज्यांनी जिवंत सिंह पाहिला, त्यांच्या गावात तरी जिवंत चिन्हांची आबाळ खपू नये.

होळकरांच्या काळी चिन्ह म्हणजे धातू होता. मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्या, टांकसाळीतल्या रुपयावर सूर्यमुख असे, मजकूर मात्र फारसी आणि नाव बादशहा शाह आलमचं. महेश्वरच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बेलाचं पान. लालबागच्या भल्यामोठ्या फाटकांवरचं होळकरी मानचिन्ह आजही पाहता येतं. असं चिन्ह राखायला साचा जपला आणि गंज येऊ दिला नाही की पुरे. 1956 नंतर राज्याने जी चिन्हं घेतली ती श्वास घेणारी आहेत. त्यांना गवत लागतं, वाहतं पाणी लागतं, मोकळी माती लागते. एवढा मोठा फरक पडला आणि आपली वागणूक मात्र शिक्क्याचीच राहिली.

बारासिंग्याचंच बघा. कान्हा राष्ट्रीय उद्यानातला बारासिंगा कठीण जमिनीवर राहणाऱ्या उपजातीचा. तराईतल्या दलदलीतल्या भाऊबंदांपेक्षा त्याचे खूर घट्ट, पण खाणं जवळपास पूर्णपणे गवतावर. चितळ गवताबरोबर पाला, फळं, पडलेली फुलं असं काहीही चालवून घेतो. बारासिंगा घेत नाही. म्हणून गवताळ मैदान आक्रसलं की आधी तोच संपतो. शिकार, शेती, गुरांची चराई आणि त्यांच्याकडून येणारे रोग, सारखं जाळलं जाणारं गवत या सगळ्यांनी मिळून 1970 साली कान्ह्यात फक्त 66 बारासिंगे उरले होते. गवत जाळण्याने होतं काय, तर मादी पाडस उंच गवतात लपवून चरायला जाते. ते गवतच नसेल तर पाडस कोल्ह्या-बिबट्याच्या नजरेला उघडं पडतं.

पुढे जे केलं गेलं ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे, कारण त्यात चमत्कार काहीच नव्हता. मैदानातच कुंपण घालून मोठा बंदिस्त पट्टा तयार केला आणि वाघ-बिबट्यांना बाहेर ठेवून आत पैदास होऊ दिली. गावं हलवल्यावर मोकळ्या झालेल्या शेतजमिनींची कुरणं झाली. गवत जाळण्यावर बंधन आलं, पाणवठे राखले गेले. पुढच्या पिढ्या हळूहळू बाहेर सोडल्या. सगळी अंडी एका टोपलीत नकोत म्हणून 2015 पासून काही जनावरं सातपुडा व्याघ्र प्रकल्पात नेली. त्यासाठी बोमा पद्धत वापरली: नरसाळ्यासारखं निमुळतं होत जाणारं, कापडाने आणि गवताने झाकलेलं कुंपण, ज्यातून कळप न बिचकता थेट वाहनात चढतो. हरीण हाताने पकडायला गेलं तर घाबरूनच मरू शकतं, म्हणून हा खटाटोप. आज संख्या हजाराच्या आसपास पोचली आहे. हे यश ‘राज्य प्राणी’ या बिरुदाचं म्हणता येणार नाही, कारण काम सुरू झालं ते आकडा 66 वर आला म्हणून. पण एखादं चिन्ह टिकवायचं तर काय काय करावं लागतं, याचा हिशेब आपल्याच राज्यात मांडलेला आहे. मग तोच हिशेब इतर चिन्हांच्या खात्यात का नाही?

राज्यफुलाच्या बाबतीत तर मुळातच घोळ आहे. बहुतेक याद्यांत पांढरी लिली सापडते, काही जुन्या याद्यांत पळस. लिली म्हणजे तरी कोणती? जिथे शास्त्रीय नाव दिलेलं असतं तिथे लिलियम कँडिडम, म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा आणि बाल्कन भागातला कंद. त्याला थंड हिवाळा, कोरडा उन्हाळा आणि पाण्याचा झटकन निचरा होणारी माती लागते. इतर लिलींसारखा तो खोल लावत नाहीत, कंदावर दोन-तीन सेंटीमीटर मातीच पुरते. माळव्याची काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते. त्यात हा कंद बुडापासून कुजतो. आपल्या बागांमध्ये पांढरी लिली म्हणून जे दिसतं ते एक तर पावसाळी झेफिरँथस, नाही तर लांब पाकळ्यांची स्पायडर लिली. फुलवाल्याकडे मिळते ती संकरित लिली, बहुतेक शेडनेट किंवा पॉलिहाऊसमधली. थोडक्यात, राज्याचं फूल राज्याच्या मातीत आपसूक उगवत नाही, आणि ते नक्की कोणतं हे माळ्यालाही सांगता येत नाही.

त्याऐवजी पळस घ्या. इंदुराहून मांडूकडे किंवा खंडव्याकडे जाताना फाल्गुनात दोन्ही बाजूंना निष्पर्ण झाडं पेटलेली दिसतात ती पळसाची. माळवीत त्याला खाकरा म्हणतात, हिंदीत टेसू. फुलं उकळून रंगपंचमीचा रंग, पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, सालीतून झिरपणारा लाल डिंक बाळंतिणीच्या लाडवांत, फांद्यांवर लाखेची पैदास. पळसाला पानं तीनच ही म्हण आपण रोज वापरतो, इतकं ते झाड आपल्या ओळखीचं. उत्तर प्रदेश आणि झारखंडने पळस आधीच घेतला आहे, मग आपण कसा घ्यायचा, असं कोणी म्हणेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पिंपळही एकाहून जास्त राज्यांनी घेतलेला आहे. मात्र पळस घेतला तर लागवडीची पद्धत बदलावी लागेल. त्याचं सोटमूळ पहिल्याच वर्षी खोल जातं. रोपवाटिकेच्या पिशवीत ते गोल गोल वळतं, आणि असं रोप लावलं की दोन-तीन पावसाळ्यांत खुरटतं. बी फार दिवस टिकतही नाही. मे-जूनमध्ये शेंगा पिकल्या की त्या गोळा करून पहिल्या पावसाबरोबर जागेवरच पेरायच्या, आणि पहिली दोन वर्षं गुरं आणि वणवा यांपासून राखायच्या. कमी खर्चाचं काम आहे, फक्त उद्घाटनाचा फोटो तितका देखणा येत नाही.

वड हा राज्यवृक्ष, आणि राज्याच्या अधिकृत चिन्हातही तो गहू-भाताच्या ओंब्यांसोबत आहे. इंदुरात मराठी बायका ज्येष्ठ पौर्णिमेला त्याची पूजा करतात, शेजारच्या हिंदी भाषक बायका पंधरा दिवस आधी अमावास्येला. म्हणजे एकाच वडाला एका महिन्यात दोनदा सूत गुंडाळलं जातं. आणि त्याच वडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीटचा ओटा चढवलेला असतो. झाडाचं बारीक शोषणारं मूळ वरच्या थरात आणि फांद्यांच्या घेराखाली असतं. तिथली माती बंद केली की झाड वरून हिरवं दिसत दिसत आतून उपाशी राहतं. दुसरी चूक पारंब्यांची. रस्त्यावर लोंबतात, तारांना लागतात म्हणून त्या खालून छाटून टाकतात. वडाच्या आडव्या फांद्या इतक्या लांब आणि जड होतात की पारंबी जमिनीत रुजून खांब झाली तरच त्या तोलल्या जातात. टेकू न मिळालेली फांदी मग आषाढातल्या वादळात गाडीवर पडते, आणि झाड धोकादायक ठरवून सबंध तोडलं जातं. उपाय जुना आहे: उभा चिरलेला पोकळ बांबू मातीने भरायचा, त्यातून पारंबी खाली आणायची, ती रुजली की बांबू काढून घ्यायचा. शहरी झाडांसाठी राज्याचा 2001 चा कायदा आहे, तोडायला परवानगी लागते. पण राज्यवृक्ष म्हणून वडाच्या बुंध्याभोवती किती मोकळी जमीन सोडायची हे कोणी बांधकाम खात्याला कधी सांगितलेलं दिसत नाही.

महाशीर सगळ्यात दूरची वाटते, पण इंदूरचा तिच्याशी रोजचा संबंध आहे. 1978 पासून आपल्या नळाला येणारं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून उपसलेलं नर्मदेचं आहे, आणि तेच महाशीरचं घर. या माशाला वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि तळाशी गोटे लागतात; पावसाळ्यात तो प्रवाहाच्या उलट चढून गोट्यांच्या फटीत अंडी घालतो. बरगी, इंदिरासागर, ओंकारेश्वर, सरदार सरोवर अशी धरणांची माळ झाल्यावर चढायला वाट राहिली नाही, आणि नदीचे लांब लांब पट्टे तलाव झाले. धरणाखालच्या पट्ट्यात टर्बाइन चालू-बंद होतील तशी पातळी काही तासांत वरखाली होते. पाणी चढलेलं असताना घातलेली अंडी पाणी उतरलं की उघडी पडून सुकतात. त्यात गोटे आणि वाळू उपसली गेली तर अंडी घालायला जागाच उरत नाही. बडवाहला कृत्रिम प्रजननाचे प्रयोग झाले आहेत, ते चांगलेच आहेत. पण पिल्लं सोडायला गोट्यांचा एक तरी पट्टा राखीव हवा, आणि प्रजननाच्या आठवड्यांत धरणातून पाणी सोडण्याचं वेळापत्रक मत्स्य विभागाला विचारून ठरायला हवं. आज ऊर्जा आणि पाटबंधारे खात्यांना राज्यमासा नावाची काही वस्तू आहे हे लक्षात घ्यायचं कारणच नाही.

दूधराजबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात झाडोऱ्याच्या गर्द सावलीत, पाण्याजवळ, पातळ फांदीच्या बेचक्यात कोळ्याच्या जाळ्याने बांधलेली त्याची वाटी असते. रालामंडल, चोरलकडची रानं अशा ठिकाणी तो दिसतो. खालची झुडपं साफ करून फरसबंद बाग केली की तो येत नाही. एवढं उद्यान विभागाने लक्षात ठेवलं तरी खूप.

मलखांबाला 2013 मध्ये राज्यखेळाचा मान मिळाला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभा केलेला हा व्यायाम मध्य प्रदेशाने आपला मानला, याचा इथल्या मराठी माणसाला आनंद आहेच. उज्जैनने त्यात देशपातळीवर नाव कमावलं. खेलो इंडिया स्पर्धा 2023 च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात झाल्या तेव्हा मलखांब उज्जैनलाच भरवला गेला. हे एक चिन्ह असं आहे की मान दिल्यावर त्याच्यासाठी प्रशिक्षक, स्पर्धा, पुरस्कार असं काही प्रत्यक्ष आलं. तरी शाळेच्या पातळीवर अडतं ते साध्या खांबापाशी. पुरलेला मलखांब जमिनीवर सुमारे अडीच मीटर, बुंध्याशी घेर सुमारे 55 सेंटीमीटर, वर जाताना तो कमी होत जातो, मग मान आणि वर बोंड. लाकूड सागाचं किंवा शिसवीचं, गाठ नसलेलं, आणि पृष्ठभाग इतका तासलेला की एकही कुसळ लागू नये. ठेकेदार कधी सरळ गोल खांब देतो, कारण कातायला सोपा. त्यावर मांडीची पकड बसत नाही आणि पोरगं घसरतं. कधी खड्डा उथळ, मग खांब हलतो आणि उलट्या आढीच्या डावात मनगट दुखावतं. एरंडेल लावायचं ते पकड सैल-घट्ट करता यावी म्हणून. थापून लावलं तर पहिल्याच दसरंग डावाला मूल खाली. गाद्या विसरलेल्या असतात. राज्यखेळाच्या अधिसूचनेला खांबाच्या मापांचं एक पान जोडलं तर खरेदीतल्या निम्म्या चुका टळतील.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप धार जिल्ह्यातल्या सरदारपूरचा आहे. खरमोर या गवताळ रानातल्या पक्ष्यासाठी तिथे 1983 साली अभयारण्य झालं. पावसाळ्यात नर गवतातून उंच उड्या मारून मादीला बोलावतो, तो काळ आणि ती जागा राखणं योग्यच होतं. पण अभयारण्याच्या हद्दीत खासगी शेतं आली, जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, आणि गावकरी पक्ष्याकडे संकट म्हणून पाहू लागले. पक्षीही वाढला नाही. चिन्हाला कायदेशीर वजन दिलं की त्याचं ओझं गरिबाच्या सातबाऱ्यावर पडतं, ही भीती म्हणून खोटी नाही. माझं उत्तर असं की बंधन खात्यावर घाला, शेतकऱ्यावर नको. रतलाम जिल्ह्यात सैलानाकडे खरमोर दिसल्याचं कळवणाऱ्या आणि घरटं राखणाऱ्या शेतकऱ्याला बक्षीस देण्याचा मार्ग वापरला गेला, तो या दृष्टीने जास्त शहाणपणाचा होता. आणि मी मागतो आहे ती अभयारण्यं नव्हेत. प्रत्येक चिन्हाचं शास्त्रीय नाव, खेळ असेल तर त्याची मापं, जबाबदार असलेला एक अधिकारी, मोजायची एकच ठळक गोष्ट (बारासिंग्याची गणना, नर्मदेतला गोट्यांचा पट्टा, वडाभोवतीची मोकळी जमीन, खांब असलेल्या शाळा) आणि तिचं वर्षातून एकदा विधानसभेत मांडलेलं निवेदन, इतकंच. दहा वर्षांनी फेरविचार, म्हणजे लिलीसारखी चूक दुरुस्त करायला वाट राहील.

दुसरा आक्षेप ऐकू येतो की हे सगळं किरकोळ आहे. मग नवी चिन्हं जाहीर करण्याची इतकी घाई कशाला? आपल्या शेजारच्या महाराष्ट्राने 2015 मध्ये फुलपाखरू, 2020 मध्ये कांदळवनाचं झाड, 2023 मध्ये पापलेट घेतलं. त्यात पापलेटचा निर्णय अर्थपूर्ण होता, कारण पिल्लं पकडली जाऊन मासा कमी होत चालल्याची काळजी त्यामागे होती. आता तिथे जाळ्याच्या आसाचं (छिद्राचं) माप पाळलं जातं की नाही, यावरच तो निर्णय जोखायला हवा.

सुरुवात करायला आमदाराची वाट पाहायची गरज नाही. वन विभाग, मंत्रालय, वल्लभ भवन, भोपाळ येथील लोकसूचना अधिकाऱ्यांच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क. प्रश्न थोडे आणि नेमके ठेवायचे: राज्यफूल जाहीर करणाऱ्या अधिसूचनेची प्रत, तिच्यात दिलेलं शास्त्रीय नाव, राज्यचिन्हांपैकी प्रत्येकासाठी जबाबदार अधिकाऱ्याचं पद, आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत त्यांच्यासाठी केलेला खर्च. ‘का’ असा प्रश्न विचारायचा नाही, कारण कायद्याखाली नोंदी मागता येतात, कारणमीमांसा मागितली की अर्ज फेटाळायला निमित्त मिळतं. महाशीर मत्स्य विभागाकडे आणि मलखांब क्रीडा विभागाकडे जातो, तेव्हा त्यांचे अर्ज वेगळे करावेत. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. आलं नाही किंवा अपुरं आलं तर त्यानंतरच्या 30 दिवसांत त्याच खात्यातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही जपून ठेवायचं, आणि आपल्या मतदारसंघाच्या आमदाराला तारांकित प्रश्नाच्या मसुद्यासोबत जोडून द्यायचं.